टेम्पोत घालायचे बूट

माफ करावं, असं मला आजवर पुष्कळ जणांनी सांगितलंय. मी ऐकून घेते आणि सोडून देते. माझ्या धाकट्या दिरावर मी डूख धरला तो अजून सोडलेला नाही, आणि ते सांगायची मला लाजही वाटत नाही. त्याला कारण झाले माझे पाय.

माझे पाय रुंद आहेत. आईचेही तसेच होते. डोक्यावर माशांची पाटी घेऊन ती मांडवीच्या किनाऱ्यापासून दारोदार फिरायची आणि मी तिच्या मागे, दोघी अनवाणी. पाय वाळूत पसरले ते पसरलेच. बोटं एकमेकांपासून फटकून असतात, भांडलेल्या जावांसारखी, आणि करंगळी कुठल्याच चपलेत मावत नाही. लग्नात सासरहून आलेले सँडल पायात जाईनात, म्हणून वरातीत मी तशीच चालले. तेव्हा कुणी काही बोललं नाही.

नवरा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. आठ-आठ दिवस तो समुद्रात. घरी सासूबाई, मी, माझी दोन लेकरं आणि हा दीर, तिशीचा, बिनलग्नाचा, आईचा लाडका. मी पहाटे बंदरावर मासे घ्यायचे आणि आतल्या गावांच्या बाजारात नेऊन विकायचे. त्यासाठी घरात एक छोटा टेम्पो घेतला होता. टेम्पो दीर चालवायचा. किल्ली कायम त्याच्या खिशात, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

पाट्या भरून, वर बर्फ टाकून मी रस्त्याकडेला उभी, आणि हा चहाच्या टपरीवर गप्पा छाटत बसलेला. "आलो वहिनी, पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत बर्फाचं पाणी व्हायचं. बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलेली असायची. एकदा वर्षानुवर्षं माझ्याकडूनच घेणाऱ्या एका बाईने बांगडा हातात घेतलान, पोटावर बोट दाबून बघितलंन आणि परत ठेवलान. "आज मऊ वाटतात गो," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मासे माझे, नाव माझं, आणि वेळ मात्र भावोजींची. त्याच दिवशी ठरवलं की किल्ली माझ्या हातात आली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांत माझं एकही गिऱ्हाईक उरलं नसतं.

ड्रायव्हिंग शिकायला नाव घातलं. शिकवणारे मास्तर वयस्कर आणि शांत होते. क्लच जमला, गियर जमले, स्टिअरिंग तर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. अडलं ते ब्रेकवर. पेडलं एकमेकांना इतकी चिकटून की उजवा पाय ब्रेकवर ठेवला की करंगळीकडची बाजू ॲक्सिलरेटरवर पडायची. गाडी बोंबलायची पण आणि थांबायची पण. मास्तर म्हणायचे, "बाई, पाय उचला." मी म्हणायचे, "उचललाय हो, रुंदच आहे तो." शिकत होते अनवाणी, कारण आमच्या घरात गाडी अनवाणीच चालवतात. टेम्पोच्या केबिनमध्ये समोर गणपती बसवलाय, तेव्हा आत पायताण चालत नाही, हा सासूबाईंचा नियम. दुसऱ्या कुठल्या गाडीतही चप्पल घालून बसावं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

परीक्षेला दीर मुद्दाम बघायला आला होता. वळणावर मी ब्रेक दाबला, गाडी बोंबलली, घाबरून मी पाय आणखी दाबला आणि गाडी पट्टीच्या बाहेर जाऊन बंद पडली. नापास.

दुसऱ्या दिवशी बंदरावर, सगळ्या बाया-बाप्यांसमोर, या माणसाने मोठ्याने सांगितलंन, "आमच्या वहिनींचा पाय म्हणजे वल्हं आहे. एकदा मारला की होडी निघालीच." ज्यांच्याबरोबर मी रोज भाकरी खाते त्या बायाही हसल्या. नंतर कितीतरी दिवस मी आले की कुणीतरी म्हणायचं, "वल्हं आलं." मीही हसले. रडले असते तर तो जिंकला असता. पण मनात म्हटलं, थांब मेल्या, तुझ्या हातातली किल्ली काढून घेईन आणि तीही तूच काढून देशील.

एका दुपारी दीर जेवून आडवा झालेला बघून मी टेम्पोत जाऊन बसले. जाळी विणायचा दोरा घेतला. ब्रेक किती रुंद, तिथे एक गाठ. ब्रेकपासून ॲक्सिलरेटर किती लांब, तिथे दुसरी गाठ. मग वर्तमानपत्रावर उभी राहून कोळशाने पायाची कड काढली. दोरा त्यावर लावला आणि मला उत्तर कळलं. पाय दोन बोटं जास्त होता, आणि ती दोन बोटं करंगळीच्या बाजूची होती. ती आत दाबून धरील असं काहीतरी पायात हवं होतं. तो कागद आणि दोरा पिशवीत घालून मी बाजारात गेले.

पहिल्या दुकानात बायकांचे जोडे दाखवले, सगळे पुढून टोकदार. एकात पाय घातला तर काढताना दुकानातली पोरगी घामाघूम झाली. दुसऱ्या दुकानात पुरुषांचे पळायचे बूट मिळाले. आत गेल्यावर पाय खूश झाला, मी दोरा काढला आणि खालच्या तळाला लावला. तो तळ चारी बाजूंनी बाहेर आलेला, जाड, पावसात घालायच्या गमबुटासारखा. अनवाणी पाय दोन बोटं जास्त होता, हा बूट चार बोटं. विकणारा म्हणाला, "कम्फर्ट बघा ना ताई." मी म्हटलं, "कम्फर्ट बघून मी भिंतीत जायचं का?" त्याला काही कळलं नाही.

तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी पहिल्यांदा विचारलं, "कशाला हवेत?" मी म्हटलं, "गाडी चालवायला." ते हसले नाहीत. कागद बघितला, दोरा बघितला आणि माळ्यावरून शाळेतल्या कवायतीचे कॅनव्हासचे बूट काढले, पुरुषांच्या मापाचे. बोटांनी तळ दुमडून दाखवला. म्हणाले, तळ पातळ हवा, म्हणजे पेडल पायाला कळतं. कड बाहेर आलेली नको. टाच मागून गोल हवी, म्हणजे पाय टाचेवर फिरतो. आणि वरचं कापड करंगळीला जागा देणारं हवं, पण ढिलं नको. मी घालून उभी राहिले. करंगळी कुरकुरली, पण मावली.

तरी रबराची कड अर्धं बोट जास्तच होती. एसटी स्टँडजवळ जोडे शिवणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, एवढी कड तासून द्या. ते म्हणाले, नवा बूट कशाला बिघडवता? मी म्हटलं, "माझा दीर बिघडवायचाय." ते काय समजले देव जाणे, पण त्यांनी कड अशी तासली की बोट फिरवलं तर कुठे लागेना. शिवाय करंगळीपाशी कापड चिरून आतून मऊ चामड्याचा तुकडा लावून दिला. पंधरा दिवस मास्तरांच्या गाडीत ते बूट घालून चालवलं. ब्रेक म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर म्हणजे ॲक्सिलरेटर. परीक्षेत पास झाले.

लायसन हातात घेऊन घरी आले आणि म्हटलं, "भावोजी, उद्यापासून टेम्पो मी नेईन." त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. बुटांकडे बोट करून सासूबाईंना म्हणाला, "आई, देवासमोर हे पायताण घालून बसणार आहेत." सासूबाईंनी गणपतीकडे हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तसं नको गो. गाडी म्हणजे लक्ष्मी आहे. त्यालाच चालवू दे." दिराने किल्ली हवेत उडवून झेललीन आणि खिशात टाकलीन. त्या झेलण्याचा राग मला आजही येतो.

दोन महिने तसेच गेले. एके दिवशी बर्फाचं पाणी झाल्यावर तो नऊ वाजता उगवला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी बूट पायातच ठेवून त्याच्या शेजारी चढले. निघाल्यापासून त्याची टकळी सुरू, "उतरवा ते, वहिनी. आईला सांगेन." मी म्हटलं, "सांगा." त्याचे पाय नेहमीसारखे उघडे. पण चपला बंदरावर ठेवल्या तर चोरीला जातात म्हणून तो त्या आतच ठेवायचा, पेडलांच्या पुढ्यात. आमच्याकडे अर्धे ड्रायव्हर असंच करतात. देवाचाही मान राहतो आणि चपलाही राहतात.

बाजाराच्या गावाआधी एक लांब उतार आहे, एका बाजूला चिऱ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला खोल मळे. तिथे तो माझ्या बुटांकडे बघत भांडत होता. समोर वळण आलं, त्याने ब्रेक दाबलान, आणि ब्रेक खाली जाईना. चप्पल सरकून ब्रेकच्या मागे जाऊन बसली होती. त्याने आणखी दोनदा दाबलान. मग माझ्याकडे बघितलंन. ती नजर मी विसरणार नाही, कारण तिच्यात मी नव्हतेच. त्याने दार उघडलंन आणि उडी मारलीन.

मला बाजूला टाकून तो उतरून गेला. सख्ख्या भावाची बायको, दोन लेकरांची आई, आणि मागे पाट्या भरलेला टेम्पो, उतारावर. मी आधी हातब्रेक ओढला, मास्तरांनी शिकवलेला, जो दिराने जन्मात वापरला नव्हता. टेम्पो हिसके देत हळू झाला, पण थांबेना. मी त्याच्या सीटवर सरकले, बुटाच्या टोकाने चप्पल उडवली आणि ब्रेक दाबला. नुसता ब्रेक. टेम्पो गडग्याला घासला आणि उभा राहिला.

तो मागून लंगडत आला, कोपर सोललेलं. "वहिनी, मला वाटलं तुम्हीपण उडी माराल," म्हणाला. मी त्याला शेजारी बसवलं आणि टेम्पो बाजारात नेला. त्या दिवशी मासे कसे विकले ते आठवत नाही, पण सगळे विकले गेले.

संध्याकाळी सासूबाईंनी त्याचं कोपर बघितलं. "काय रे झालं?" तो माझ्याकडे बघत म्हणाला, "जेटीवर पाय घसरला." मी काय बोलते याची तो वाट बघत होता. माझा नवरा तापट, हात उचलायला मागेपुढे बघत नाही. हे कळलं असतं तर भावाची हाडं मोडून त्याला घराबाहेर काढलंन असतं, आणि सासूबाईही मध्ये पडल्या नसत्या. सांगावं म्हणून माझी जीभ शिवशिवत होती. मी म्हटलं, "हो, घसरला." आणि त्याच्यापुढे हात पसरला, "किल्ली द्या भावोजी. आणि बुटांचं आईंना तुम्हीच समजवा."

त्याने समजावलंन. मी चुलीजवळ बसून ऐकत होते. म्हणाला, "आई, वहिनी नवा जोड घेतील. तो फक्त गाडीत घालायचा, गाडीतच ठेवायचा. जमिनीला लागलाच नाही तर ते पायताण कसं म्हणायचं? सोवळ्यासारखंच झालं." सासूबाईंनी बराच विचार केला. "जमिनीला लागणार नाही ना?" "नाही," तो म्हणाला. माझ्या बुटांची वकिली त्याच्या तोंडून ऐकताना मला जो आनंद झाला, तो मी कुणापासून लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी तसाच जोड घेतला आणि त्याच काकांकडून तासून आणला.

तेव्हापासून टेम्पो माझ्या वेळेवर निघतो. आम्ही दोघं बाहेर चपला काढतो आणि मागे पाट्यांजवळ ठेवतो. मी सीटवर बसून बूट चढवते, तो पाट्या मागे चढवतो. बांगडे कडक असतात, आणि ती पोटावर बोट दाबून बघणारी बाई परत माझ्याकडे यायला लागलीय.

एकच गोष्ट मला जाळते. नवरा बोटीवरून आला तेव्हा टेम्पो आता मी चालवते हे ऐकून म्हणाला, "बघ, माझा भाऊ किती समजूतदार. वहिनीसाठी गाडी सोडलीन." बंदरावरही तेच बोलतात. त्याचं कौतुक होतं, आणि मला ते गिळावं लागतं, कारण सांगितलं की संपलं. मग तो मार खाईल, चार दिवस रडेल आणि मोकळा होईल. त्याने मोकळं व्हावं असं मला वाटत नाही.

परवा पाटी चढवताना तो थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "वहिनी, दादाला सांगणार असाल तर एकदाचं सांगून टाका. मला झोप लागत नाही."

मी बुटाची नाडी बांधली, टेम्पो चालू केला आणि म्हटलं, "बघू."