खोड सांगून घेतलेला लॅपटॉप

खंडोबाची आण घेऊन सांगतो, खाली लिहिलेला शब्द न् शब्द माझ्या डोळ्यांदेखत घडला. फक्त मंडळी बीडला गेली तेव्हा मी सोबत नव्हतो. आणि शेवटच्या प्रसंगाला हजर होतो, पण माझं निम्मं लक्ष माझ्या खुर्चीकडं होतं. तेवढं सोडलं तर सगळं खरं. आण जरा घाईनं घेतली खरी, पण आता घेतली.

आम्ही दस्तलेखक. तालुक्याच्या कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. खरेदीखत, वाटणीपत्र, करारनामा, ज्याला जे हवं ते लिहून देतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, साहेब अजून नोकरीत आहेत! अशा जागी किस्से साठतात ते रद्द झालेल्या मसुद्यांसारखे. फेकवत नाहीत, कुठं दाखल करता येत नाहीत, आणि शेवटी कुणाचा तरी चहाचा कप त्यांच्यावरच ठेवला जातो.

*

शेडमध्ये सगळ्यांत जुने बप्पा. बत्तीस वर्षं एकच टाइपरायटर. बप्पांचं एक बोट म्हणजे दुसऱ्याची मूठ. ते एक पान टाइप करायचे तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या टाचण्या उड्या मारायच्या. ओळ संपत आली की यंत्राची घंटी वाजायची, टिंग! मग बप्पांचा डावा हात आपोआप वर जाऊन दांडी ढकलायचा, खर्रर्र, की पुढची ओळ. कचेरीतल्या शिपायाला नुसत्या आवाजावरून दस्त किती पानांचा आहे ते कळायचं, असं शिपाई स्वतः सांगतो.

शिपायाला ऐकू कमी येतं.

तर एका सोमवारी नवे साहेब शेडमध्ये आले. म्हणाले, "एक तारखेपासून सगळे दस्त कॉम्प्युटरवर. चूक निघाली तर जागेवर दुरुस्त झाली पाहिजे. आणि हे यंत्र मला टेबलावर दिसता कामा नये. दिसलं तर ही जागा दुसऱ्याला!"

बप्पांनी शांतपणे विचारलं, "साहेब, टेबलाखाली?"

"कुठंच नाही!"

एक तारखेला अठरा दिवस होते. बप्पांची जागा शेडमधली एकमेव जागा, जिथं उन्हाळ्यातही दुपारभर सावली असते. तिच्यावर चौघांचा डोळा होता. त्यातला एक मी. आण घेतलीय, खोटं कशाला बोलू!

*

शेजारी शोभाताईंचं झेरॉक्सचं दुकान. ताई माहेरच्या दिंद्रुडच्या, घरी शेतीभाती, बैलजोडी. मनानं मोठ्या. म्हणाल्या, "बप्पा, माझ्या लॅपटॉपवर हात बसवा. लई सोपं असतंय." अक्षरांची मांडणीसुद्धा टाइपरायटरचीच लावून दिली.

बप्पा बसले. पहिला शब्द 'लिहून' असा टाइप केला. स्क्रीनवर पाच 'ल' आले. कीबोर्ड मधोमध असा दबला की ताईंनी डोळे मिटून घेतले.

तरी इथवर ठीक होतं. ओळ संपली, घंटी वाजली नाही, पण बत्तीस वर्षांची सवय, डावा हात वर गेला. तिथं दांडी नव्हती. तिथं स्क्रीन होती. पहिल्या ओळीला स्क्रीन मागं झुकली. दुसऱ्या ओळीला पार आडवी झाली. तिसऱ्या ओळीला आवाज आला, कट्ट!

स्क्रीन एका बाजूला लोंबली.

बप्पा म्हणाले, "मार्जिन सुटलं वाटतं."

"मार्जिन न्हाई बप्पा, बिजागरी सुटली," ताई म्हणाल्या. "आठ महिन्यांचा हाय त्यो!"

बप्पांनी वाकून बघितलं. "मग कच्ची होती. माझ्या यंत्राचं अजून काय बी सुटलं न्हाई."

*

त्या दिवशी बप्पांनी ठरवलं, लॅपटॉप घ्यायचा, पण खोड विचारून. वडवणीच्या बाजारातून त्यांनी आयुष्यात अकरा बैल आणले. बाजाराचा कायदा त्यांना पाठ. जनावराची खोड सांगून विकली तर व्यवहार पक्का. लपवून विकली तर आठ दिवसांत जनावर परत. "माझा एक बैल लाथ मारायचा, पण डाव्याच पायानं," ते सांगायचे. "नऊ साल मी उजव्या अंगानं जायचो. काय बिघडलं?"

मग शोभाताई मोबाइलवर एकेका लॅपटॉपबद्दल लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचायच्या आणि बप्पा वहीत उतरून घ्यायचे. माणूस दस्तलेखक. त्यांना एकाच पद्धतीनं लिहिता येतं. ती वही मी बघितलीय:

'सदर लॅपटॉपची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस चार्जरचे छिद्र, एक वर्षात ढिले होते. पश्चिमेस पंखा, विनाकारण ओरडतो. दक्षिणेस हात टेकण्याची जागा, कुरकुरते. उत्तरेस बिजागरी, डावीकडून तडकते. मध्यभागी कीबोर्ड, दबतो.'

असे सात लॅपटॉप. सातही दस्त साक्षीदारांच्या जागा सोडून पूर्ण.

आमचे स्टॅम्पविक्रेते रज्जाकभाई. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्येला शंभराचा बाँड लावायचा का पाचशेचा?"

*

बीडला बप्पा आणि रज्जाकभाई गेले. पुढचं मला रज्जाकभाईंनी सांगितलं, आणि तो माणूस तारीख सोडून कशातच खोटं घालत नाही.

पहिल्या दुकानात दुकानदारानं तीन लॅपटॉप मांडले. "हा स्टुडंटचा. हा गेमिंगचा. आणि हा बिझनेसचा."

बप्पा म्हणाले, "म्हंजे ह्यो गोऱ्हा, ह्यो शर्यतीचा आन् ह्यो औताचा. औताचा दाखवा."

औताचा दाखवला. बप्पांनी आधी लांबून बघितला. मग पाठीमागून. मग एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं, कारण ताईंच्या मोबाइलवर तसं तपासायला सांगितलं होतं. मग कीबोर्डच्या मधोमध अंगठा रोवला. दुकानदाराचा जीव वरखाली.

"खोड काय हाय ह्येची?"

"खोड? काका, एकदम टकाटक पीस आहे. काहीच प्रॉब्लेम नाही!"

"काहीच न्हाई?"

"शून्य!"

बप्पांनी लॅपटॉप हलकेच बंद केला. "मग ह्यो इकायला कावून काढला?"

तेवढ्यात रज्जाकभाईंनी मधे पडून सौदा सावरायचा म्हणून खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानदाराच्या हातावर टाकला आणि बैलबाजारात भाव ठरवताना करतात तसं रुमालाखालून त्याची तीन बोटं दाबली.

त्यानं हात झटकला आणि आतल्या मालकाला हाक मारली.

*

दुसऱ्या दुकानातला माणूस वयस्कर होता. त्याला बप्पांनी तोच प्रश्न विचारला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू का? मशीन चांगलंय. पण या मॉडेलची बिजागरी वर्षात जाती. माझ्याकडं चार परत आलेत."

बप्पांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आत्ता माणूस भेटला. द्या बांधून. फकस्त लिहून द्या."

"काय लिहून द्यायचं?"

"वर्षात बिजागरी जाती म्हणून."

दुकानदार भला. त्यानं बिलामागं लिहायला पेनही काढलं. तेव्हा बप्पांनी विचारलं, "आन् वर्षात न्हाई गेली तर?"

"म्हणजे?"

"म्हंजे दुसरीच खोड निघाली तर? तुमी एक सांगितली, म्या ती धरून चाललो, आन् निघाली भलतीच. मग वापस घेणार का?"

दुकानदारानं पेनाला टोपण लावलं. रज्जाकभाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. बिघडायची वॉरंटी मागणारा पहिलाच गिऱ्हाईक आहे!"

संध्याकाळच्या एसटीनं दोघं रिकाम्या हातानं परत.

*

एक तारीख तीन दिवसांवर आली. मी माझी खुर्ची सावलीच्या दिशेनं दोन हात सरकवून ठेवली. बप्पांनी बघितलं. ते उठून शोभाताईंच्या दुकानात गेले, मागोमाग मी. तिथं तो तुटका लॅपटॉप भिंतीला टेकवून ठेवलेला होता. बप्पांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला.

"ताई, ह्योच देता का?"

"बप्पा, त्येची बिजागरी गेलीय."

"मला ठाऊक हाय."

"ठाऊक असणारच. तुमीच घालवली!"

"म्हणूनच मागतोय. नव्याची खोड कळायला साल जाईल. ह्येची म्या सोता लावलीय. ह्येच्यात लपवाछपवी कुठाय?"

ताई म्हणाल्या, "तर मग बाकीच्या बी ऐका. बॅटरी चाळीस मिनिटं. पंखा ओरडतो. आन् 'ळ' दोनदा दाबल्याबिगर उमटत न्हाई."

"माझं एकदाचं दोनदाच्या बराबर हाय."

सौदा जमला. ताईंनी लॅपटॉप पुसला, कुंकू लावलं, पिशवीत घातला. मग पिशवीतून चार्जर काढला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

मी म्हणालो, "ताई, चार्जर?"

"दावं देत न्हाईत आमच्यात," ताई म्हणाल्या. "जनावर द्यायचं, दावं ठिवायचं. दाव्यासंगं दावणीची बरकत जाती."

"अहो, पण चार्जर म्हणजे दावं कसं?"

"भिंतीला बांधून ठिवतंय का न्हाई?"

मी बप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस भांडणार. बप्पा म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. दावं आपलं आपण आणायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन स्वतःचं दावं घेऊन आले. ते भलत्याच कंपनीचं निघालं. छिद्रात बसेना. तेव्हापासून दिवसातून तीन वेळा बप्पा लॅपटॉप काखेत मारून ताईंच्या दुकानात जातात. कुणी विचारलं की सांगतात, "पाण्यावर नेतोय."

*

एक तारखेला सकाळी बप्पा आणि रज्जाकभाई रिक्षातून उतरले. टाइपरायटर आदल्या संध्याकाळीच टेबलावरून हलला होता; बप्पांनी तो घरी नेला, असं सगळ्यांना सांगितलेलं. आता बिजागरी तुटलेल्या स्क्रीनला मागून टेकू हवा, म्हणून त्यांनी एक वीट आणली होती. दप्तर बांधायच्या लाल कापडात गुंडाळलेली. वीट दोघांनी मिळून उचलली आणि टेबलावर ठेवली. टेबल जरा करकरलं. स्क्रीन विटेला टेकवली. पक्की बसली.

अकरा वाजता साहेब आले. पहिलाच दस्त दोघा भावांचं वाटणीपत्र. दोघंही भाऊ हजर, दोघंही एकमेकांकडं न बघता उभे. साहेब बप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसले. "चला, बघू द्या."

मी माझ्या खुर्चीवर एक हात ठेवून तयार.

बप्पांनी बोटं मोडली आणि सुरुवात केली. धड, धड, धड. टाचण्या उडाल्या. ओळ संपली. आणि मी मनात म्हणालो, झालं. डावा हात वर गेला. स्क्रीनवर बसला. स्क्रीन हलली नाही, वीट तसूभर सरकली आणि आवाज आला.

टिंग!

साहेबांनी मान वर केली. दोघा भावांनी पहिल्यांदाच एकमेकांकडं बघितलं. बप्पा आपले दुसऱ्या ओळीवर. धड, धड, धड. हात वर.

टिंग!

"बप्पा, हा आवाज कसला?"

"लॅपटॉपची खोड हाय, साहेब. सांगून घेतलीय."

साहेब उठले. टेबलाला वळसा घालून मागं गेले. लाल कापडाचं टोक दोन बोटांनी उचललं आणि आत बघितलं. एखादा जुना सातबारा वाचायला लागतो तेवढा वेळ बघत राहिले. रज्जाकभाई आभाळाकडं बघत होते. शोभाताई दुकानाच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या.

"हे काय आहे, बप्पा?"

बप्पांनी हात मांडीवर घेतले. "वीट हाय, साहेब."

साहेबांनी कापडाचं टोक खाली सोडलं. चारी बाजूंनी नीट खोचलं. परत समोर येऊन बसले, ताईंच्या दुकानातून छापून आलेलं पान वाचलं. एक चूक निघाली, ती बप्पांनी जागेवर दुरुस्त केली. साहेबांनी मान हलवली आणि उठले. कचेरीच्या पायरीपर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "बप्पा, वीट चांगली आहे. अधूनमधून तेल देत जा."

मी माझी खुर्ची उचलून परत उन्हात नेली.

*

आण घेतलीय म्हणून शेवटी कबुली देतो. यात एकच गोष्ट मी बनवलेली आहे, तीही बप्पांच्या जागेला धक्का लागू नये म्हणून. बप्पा 'वीट' म्हणाले, हे खरं. तिथं वीट होती, हे माझं.