मळणीयंत्रात गेलेल्या हाताची मूठ

मळणीयंत्रानं माझा उजवा हात कोपरापासून नेला, तेव्हा माझी किंकाळी आखाडा बाळापुरापासून पार औंढ्यापर्यंत ऐकू गेली असं मी सांगतो. तेवढं वाढवून सांगतो. पुढचं मात्र जसंच्या तसं. हात गेला आणि दुखणं राहिलं. नसलेली मूठ सारखी आवळलेली, नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतलेली. डॉक्टरांच्या गोळ्या पोतंभर गिळल्या, डोळ्याला डोळा लागेना. विहारात जाणं सोडलं. दुःखाचं मूळ सापडतं म्हणतात, मग माझं का सापडत नाही, हा राग होता.

तुटलेला हात आम्ही बांधावर पुरला होता. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "पुरताना मूठ मिटलेली असंल, म्हणून दुखून राहिलं. उकरून बोटं सरळ करा." मी इतका टेकीला आलो होतो, की मेव्हण्याला कुदळ देऊन पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "दाजी, एकेक हाड सरळ लावलं. जयभीम बी घातला. आता तरी झोपा!" मूठ तशीच राहिली.

वर्षावासाचे पावसाळी महिने सरल्यावर एक अनोळखी भंते चुकीच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसून आमच्या फाट्यावर उतरले. पाणी प्यायला ओसरीवर आले, तर मी कण्हत होतो.

"कुठं दुखतं?"

"जो हात न्हाई त्यात. हसा तुमी बी."

ते हसले नाहीत. "दुखणं खरं हाय. खळ्यावर राशी लावता ना? तशा पाच राशी बघा. शरीर हे रूप, त्यातला हात गेला. दुखते ती वेदना. तिला 'माझी मूठ' म्हणून ओळखते ती संज्ञा. यंत्रावर राग धरतो तो संस्कार. हे सारं जाणतं ते विज्ञान. यातली तुमी कोणती रास?"

मी डोळे मिटून शोधायला बसलो. जळजळ उठत होती, विरत होती. 'मूठ' हे मी तिला दिलेलं नाव होतं. राग आला, ओसरला. जाणणारंही क्षणाक्षणाला बदलत होतं. पाचही राशी उपसल्या, मालक कुठंच सापडला नाही. गावभर थापा मारणाऱ्या मला आतून कुणीतरी केवढी मोठी थाप मारत आलं होतं! मग त्या हातासाठी मी पहिल्यांदाच रडलो, लेकरासारखा. आणि एकेक बोट सैल होत मूठ उघडली.

डोळे पुसून पाहिलं, तर भंते पाणी पिऊन फाट्याकडं निघालेही होते. नावही विचारायचं राहिलं.

दुखणं अजूनही येतं. आलं की अडवत नाही, माझं म्हणून धरतही नाही. येतं, थांबतं, जातं. विहारात डावा हात छातीशी नेऊन वंदना घेतो, आणि त्या अनोळखी भंतेंना मनोमन वंदन करतो.