सोनाकाकूचे अंगठे

सोनाकाकू समोरून येणाऱ्याचं तोंड नंतर बघायची, आधी चाल बघायची. बालाघाटला तिचं घर आमच्या शेजारी होतं. मी शाळेत शिकवून परतले की ती ओट्यावरूनच म्हणे, "उजवा टोंगळा सांभाळून चालून राह्यली तू. दिवसभर उभी होती का वं?" मी "हौ" म्हणेपर्यंत तिचा अंगठा माझ्या गुडघ्याखालच्या नसेवर टेकलेला असे.

ही विद्या तिने हौसेने घेतली नव्हती. तिचा नवरा मॅंगनीजच्या खाणीत होता. अंगावर दगड कोसळला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लाकडासारखं आखडलं. लामता गावच्या एका म्हाताऱ्या वैदूने कुठे दाबायचं ते तिला दाखवलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती त्याचे पाय मांडीवर घेऊन बसे. तो काही उठून चालला नाही. ठणका तेवढा कमी होई. त्या तेवढ्यासाठी तिची सारी उमेदीची वर्षं गेली.

तो गेल्यावर तरी हात मोकळे व्हावेत! पण भाताची रोवणी आटोपली की बायका कंबर धरून तिच्या ओट्यावर येत. माझी आईही जाई. विड्या वळून वळून आईची बोटं सकाळी उघडतच नसत. काकू एकेक सांधा चाचपून दाबे. आई कळवळली की हात पुढे सरकवत नसे, दाब तसाच ठेवून वाट बघे. "दुखते तिथं थांबा लागते," ती म्हणे. "लोकायले घाई असते, म्हनून दुखनं हलत नाही."

एका उन्हाळ्यात तिने दार उघडणंच सोडलं. बायका हाका मारून, पुटपुटत परत जाऊ लागल्या. आईने मला पाठवलं. माझा आवाज ओळखून काकूने कडी काढली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

"काकू, बरं नाही का?"

"बरी आहे. पन आता कोनाचं दुखनं हातात घेववत नाही मले. तो होता तवा वाटे, आपल्या मानसासाठी करून राह्यली. आता काहून करू? तुह्या मायले सांग, सोनी थकली."

आई चिडेल असं मला वाटलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि तशीच काकूकडे गेली. आखडलेली बोटं पदराखाली घेऊन ती काकूच्या शेजारी बसली. त्यानंतर आई रोज जाई, नुसती बसायला.

पावसाळ्याच्या तोंडावर राजेगावहून काकूचा भाऊ तिला न्यायला आला. आम्ही बसपर्यंत गेलो. खिडकीशी बसून ती म्हणाली, "येजा वं कधीमधी. पन दुखनं घेऊन नोका येऊ." ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

बस भरत होती. भाऊ टपावर ट्रंक चढवत होता. बस सुटायच्या आधीच काकूला झोप लागली, खिडकीच्या गजावर डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. मी निरोपाची हाक मारणार, तोच आईने मला मागे ओढलं.

"निजू दे तिले," ती म्हणाली.