परवडेल, पण झेपेल का?

“मावशी, बाबा नाही राहिले,” असं मुग्धा फोनवर म्हणाली. दिल्लीत जन्मलेल्या मुलीची ही मराठी, हिंदीच्या वळणाने जाणारी. एरवी मी तिला टोकलं असतं. त्या दिवशी मात्र वाटलं, बरं झालं तिने असं सांगितलं. रविवारची सकाळ होती, आणि ती नुसतं ‘बाबा गेले’ म्हणाली असती तर मी सवयीने विचारलं असतं, “आज कुठलं घर बघायला?”

माझे भाऊजी दत्तात्रय गोरे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मालूताईचे यजमान, यांनी आयुष्यातले बहुतेक रविवार लोकांची घरं बघण्यात घालवले. विकत घेण्यासाठीच बघत, यात खोटं काही नव्हतं. फक्त घेत नसत. गाझियाबादला त्यांच्या घरी भेटायला आलेल्या माणसांत ऑफिसातले जुने सहकारी होते, मराठी मंडळातली माणसं होती, आणि कोपऱ्यात दोन प्रॉपर्टी डीलर आणि गाड्यांच्या शोरूमचा एक सेल्समन असे तिघे जण खाली मान घालून बसले होते. त्यांतले गुप्ताजी माझ्याकडे बघून म्हणाले, “गोरेसाहब जैसा ग्राहक अब नहीं मिलेगा.” मी विचारलं, त्यांनी तुमच्याकडून कुठलं घर घेतलं होतं? गुप्ताजींनी डोळे पुसले. “लिया तो कुछ नहीं जी,” ते म्हणाले. भाऊजींनी शेवटी ज्या डीलरकडून घर घेतलं, तो मात्र आला नाही. त्याच्याशी त्यांची ओळखच तेवढी झाली नसावी...

भाऊजी मूळचे सांगलीचे. केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात लागले आणि दिल्लीला आले. रंगाने चांगले काळेसावळे, आणि आडनाव गोरे. मराठी माणसाला आडनावाचं काही वाटत नाही, पण दिल्लीत ‘गोरेसाहब कौन हैं?’ असं विचारत येणारा माणूस त्यांच्यासमोर उभा राहूनही इकडेतिकडे बघत राही. भाऊजी त्याला पुरेसा वेळ देत आणि मग शांतपणे म्हणत, “मैं ही हूँ. नाम पुराना है.” मी बी.ए. करायला दिल्लीला आले ती ताईच्याच घरी राहिले. गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. ताई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची. रोज तेवढं लांब जाऊन यायची आणि आल्यावर तीन मजले चढायची. मुग्धा तेव्हा लहान होती. मोठं घर हवं, हे सगळ्यांनाच कळत होतं, भाऊजींना तर सर्वांत आधी.

म्हणून रविवारी आम्ही घरं बघायला जात असू. भाऊजींच्या खिशात एक काचेची गोटी असे. डीलर हवा, उजेड, मंदिर, शाळा यांचं वर्णन करत असताना भाऊजी खाली वाकून ती जमिनीवर ठेवत. गोटी जागची हलली नाही तर पुढची बोलणी. ती चालू लागली की भाऊजी तिच्यामागून चालू लागत आणि ती थांबेल त्या भिंतीकडे संशयाने बघत. मग सगळे नळ एकदम सोडून बघायचे. मग शेजारच्या घराची बेल वाजवून, इथे पाणी किती वाजता येतं आणि वरच्या मजल्यावर कोणी नाच शिकतं का, हे विचारायचं. पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांनी आम्हाला चहाला बसवलं. एका बाईंशी ताईची इतकी गट्टी जमली, की घर नापसंत झालं तरी लोणच्याच्या बरण्यांची देवाणघेवाण पुढे कित्येक वर्षं चालू होती.

एक घर असं निघालं, की गोटी हलली नाही, नळ धो धो वाहिले, शेजारी मितभाषी होते. ताईचा चेहरा खुलला. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, “परवडेल. पण झेपेल का?” त्यांच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न होते. परवडतं की नाही ते कागदावर कळतं, झेपतं की नाही ते जगून बघावं लागतं. म्हणून त्यांनी तालीम जाहीर केली. जणू घर घेतलंच आहे, कर्ज लागलंच आहे, असं समजून दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि उरलेल्यात संसार करायचा. वर्षभर निभलं तर घर घ्यायचं. बाहेरचं खाणं बंद झालं, एक वर्तमानपत्र बंद झालं, पाहुण्यांना चहाबरोबर बिस्किटं मिळेनाशी झाली. छोट्या मुग्धाने खालच्या मजल्यावरच्या आंटींना सांगितलं, “पापा की तालीम चल रही है.” हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघातिघांनी भाऊजींचं अभिनंदन केलं, की या वयातही तुम्ही शिकताय. एकाने तर विषय कोणता घेतलाय असंही विचारलं. भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “गृहविज्ञान.”

ती तालीम मध्येच बंद पडली. भाऊजींनी एका संध्याकाळी सांगून टाकलं, की नाही झेपत, आणि समोसे घेऊन आले. आम्ही त्यांची खूप चेष्टा केली. पुढे मी सांगलीला घरी गेले तेव्हा आईकडून कळलं, की आमच्या वडिलांचं, अण्णांचं, ऑपरेशन झालं ते त्या वेगळ्या खात्यातल्या पैशांवर. ताईला माहीत होतं, मला नव्हतं. दुसरी तालीम बरीच लांबली, जवळजवळ तडीस जात होती, तेवढ्यात माझं लग्न ठरलं. माझ्या सासरच्यांना अजून ठाऊक नाही, की मी त्यांच्या घरी एक बाल्कनी आणि अर्धं स्वयंपाकघर अंगावर घालून आले. मी एकदा भाऊजींकडे हा विषय काढला होता. ते म्हणाले, “अगं सुमन, त्या घराचं प्लॅस्टर कच्चं होतं.” एवढंच बोलले आणि उठून फ्रिजमध्ये काहीतरी शोधू लागले.

अशी वर्षं गेली. गाझियाबादमध्ये शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, मेट्रो आली, जी घरं महाग म्हणून नको म्हटली ती आता स्वस्त होती असं वाटू लागलं. मुग्धा गुडगावला नोकरीला लागली आणि दर भेटीत वडिलांशी वाद घालू लागली. “बाबा, आरामात अफोर्ड होतं यार,” ती म्हणे. भाऊजी म्हणत, “तुला होतं. मी बघतोय.” तेही निवृत्त झाले, ताईही झाली. ताईचे गुडघे मात्र तिच्या आधीच निवृत्त झाले होते. ती दोरीला टोपली बांधून खाली सोडायची आणि भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस करायची. आम्हाला त्यात गंमत वाटायची. ताईचा आवाज शाळेत मुरलेला, भाजीवाला दबून असायचा.

एका वर्षी मंडळाच्या गणपतीत ताई दिसली नाही. पाच दिवसांत एकदाही नाही. दरवर्षी आरतीला टाळ तिच्या हातात असायचे. शेवटच्या आरतीनंतर भाऊजी घरी गेले आणि त्यांनी तिला विचारलं, यंदा एकदाही का नाही आलीस? ताई भांडी पुसत होती. हे तिनेच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “अहो, खाली यायला मला काहीच नाही. पण खाली आलं की परत वर यावं लागतं ना.”  भाऊजींचं ताट समोर होतं, पण ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते बाहेर पडले आणि दुपारी विसार देऊन आले. दिल्लीच्या भाषेत बयाना. तालीम नाही, नळ नाहीत, शेजाऱ्यांची बेल नाही. लिफ्ट मात्र त्यांनी स्वतः पुन्हा पुन्हा वर-खाली करून बघितली, इतकी की लिफ्टमन त्यांना घर कुठलं आहे हे आठवत नाही की काय असं विचारू लागला. सहाव्या मजल्यावरचं ते घर त्यांनी आधी एकदा नाकारलेलं होतं, कारण गोटी हॉलमधून निघून थेट बाल्कनीत गेली होती. मी आठवण करून दिली. “असू दे उतार,” ते म्हणाले. “फरशी धुताना पाणी आपोआप बाहेर जाईल.”

परवडलं का? खरं सांगायचं तर नाही परवडलं. जुनं घर विकून, साठवलेलं सगळं घालूनही कर्ज राहिलं, ते मुग्धाच्या नावावर निघालं. आणि मुलीने हप्ते भरायचे हे काही भाऊजींना झेपेना. म्हणून निवृत्त झालेला हा माणूस करोल बागेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागला. मेट्रोने जायचे, डबा घेऊन. ताईने विरोध केला, पण ती त्याच काळात लिफ्टने रोज संध्याकाळी खाली उतरायला लागली होती, त्यामुळे तिचा विरोध तितकासा टिकला नाही. कर्ज फिटलं तेव्हा भाऊजींनी नोकरी सोडली आणि मालकाने त्यांना निरोपाची भेट म्हणून स्टिअरिंगला घालायचं कव्हर दिलं. ते त्यांनी उशीला घालून बघितलं, बसलं नाही.

मग मुग्धाने गाडीचा विषय काढला. आईला डॉक्टरकडे न्यायला सोयीची होईल, पैसे मी देते, तुम्ही फक्त पसंत करा. पण ज्या माणसाने काही वर्षं ब्रेक, क्लच, बंपर, आरसे, गाडीत जे जे म्हणून मोडू शकतं ते ते रोज विकलं जाताना पाहिलं, त्याला गाडी पसंत पडावी कशी? तरी ते बघत राहिले. शोरूमला फोन करून टेस्ट ड्राइव्ह ठरवायचे, आणि तीही नेमकी ज्या दिवशी ताईची हाडांच्या डॉक्टरची वेळ असे त्या दिवशी. रिकामी गाडी चालवून काय कळणार, ज्याचे गुडघे दुखतात त्याला बसवून बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एक तरुण सेल्समन दवाखान्याबाहेर तासभर थांबला, मग त्याने ताईला हात धरून गाडीत बसवलं आणि पुढच्या वेळी स्वतःहून विचारलं, “आंटीजी की अगली डेट कब है?”

नव्या घराबरोबर खाली एक पार्किंगची जागाही आली होती. दिल्लीत रिकामी पार्किंग म्हणजे उघड्यावर ठेवलेला लाडू. आठव्या मजल्यावरच्या चड्ढाजींकडे तीन गाड्या होत्या. तिसरी एके सकाळी तिथे येऊन उभी राहिली. भाऊजी भांडले नाहीत. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन गाडीच्या तोंडाशी उन्हात बसले आणि मटार सोलू लागले. चड्ढाजी घाईत खाली आले, तेव्हा भाऊजी म्हणाले, “बस, थोड़े ही बचे हैं.” मटार दोन किलो होते. चड्ढाजींनी हॉर्न वाजवला, मग खाली उतरले, मग वाट बघत उभे राहिले, आणि शेवटी लवकर आटपावं म्हणून स्वतःच सोलू लागले. ती गाडी पुन्हा तिथे आली नाही, चड्ढाजी मात्र रोज येऊ लागले. त्या हिवाळ्यात तिथे आणखी खुर्च्या आल्या. ताईने दोन मुलांना मराठी बाराखडी शिकवली, चड्ढाजींच्या सुनेने पोह्यांची कृती विचारून घेतली...

फेब्रुवारीच्या त्या पहाटे भाऊजींच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा ताईने पहिला फोन चड्ढाजींनाच केला. तेच गाडी काढून आले. मागच्या सीटवर भाऊजींचं डोकं ताईच्या मांडीवर होतं. त्यांना धाप लागत होती. ताई सांगते, अर्ध्या वाटेत त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, म्हणजे चड्ढाजींना वाईट वाटू नये, “मालू, मागची सीट अरुंद आहे. ही नको घ्यायला.” ताई म्हणाली, नको. त्यानंतर ते बोलले नाहीत. हे सांगताना ताई आधी हसली, आणि मग बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली.

परवा मी ताईकडे गेले. टॅक्सी फाटकातून आत आली आणि ड्रायव्हरने समोर दिसली त्या मोकळ्या जागेत गाडी वळवली. इतक्या गाड्यांच्या दाटीत ती एकच जागा मोकळी होती. फाटकावरचा जुना गार्ड शिट्टी वाजवत धावत आला. इथे नाही लावायची, म्हणाला, ही गोरेसाहबांची जागा आहे. ड्रायव्हर वैतागला. त्याने विचारलं, “कौन सी गाड़ी है उनकी?”

गार्डने त्या मोकळ्या जागेकडे एकदा पाहिलं.

“अभी ली नहीं है,” तो म्हणाला. “देख रहे हैं.”

ड्रायव्हरने मान डोलावली आणि टॅक्सी मागे घेतली.