हळूहळू येईल

शाळेत मराठी शिकवताना 'हळूहळू' हा माझा हुकमी शब्द होता. जोडाक्षरापाशी अडून रडकुंडीला आलेल्या मुलाला मी म्हणायचे, "हळूहळू येईल." निबंधात मात्र तोच शब्द दिसला की लाल रेघ मारून समासात लिहायचे, 'म्हणजे कधीपासून?' लिहिणाऱ्याला नीट सांगता येत नाही, म्हणून तो हा शब्द वापरतो, असं माझं ठाम मत होतं.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या हाताचा धक्का लागून चहाचा तिसरा कप फुटला, तेव्हा यांनी डोळे तपासायचा हट्टच धरला. मी औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं खडाखडा वाचून दाखवली. वाचता येतंय म्हणजे डोळे उत्तम. मास्तरणीला दुसरं काय सुचणार!

तरी गेले. दवाखान्यात एका यंत्रावर हनुवटी टेकवून बसवलं. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही लुकलुकेचना.

"यंत्र मधेमधे झोपतं वाटतं तुमचं," मी सुनावलं.

"सुरूच आहे, काकू," तिथली मुलगी म्हणाली.

माझ्या हातातलं बटण घामाने निसटायला लागलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मधलं शाबूत आहे म्हणून वाचता येतं, कडेचं गेलं ते परत येत नाही. थेंब नियमित घातले तर उरलेलं बहुधा टिकेल.

"एवढं गेलं आणि मला कळलं नाही?"

"हळूहळू जातं ना, म्हणून."

"म्हणजे कधीपासून?"

"ते सांगता येत नाही," ते म्हणाले. मी खूप घाबरले. त्या शब्दावर रेघ मारावी, तर त्या जागी दुसरा सुचेना.

संध्याकाळी नेहमीसारखे आम्ही कालव्याकाठी फिरायला निघालो. चार पावलांवरच मी चिडले. वर्षभर माझी ही एकच कटकट आहे.

"अहो, रोज मागे का रेंगाळता?"

"मी मागे नसतोच." आवाज अगदी कानाशी आला. "तुझ्या डावीकडून चालतो."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीत ती स्कूटर तुला चाटून गेली ना, तेव्हापासून."

मी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे हे दिसले. हाताच्या अंतरावर होते.