मागच्या खोलीतली अकरा मिनिटं

भूत, चकवा, करणी... माझा यावर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणून जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो.

मागच्या मार्चमध्ये आमची मुलगी पल्लवी साकोलीला घरी आली, ती फायबर ऑप्टिक जायरो घेऊन. तिची कंपनी खोल बोअर वाकडं गेलं का, हे त्या यंत्राने तपासते. यंत्र जागेवर स्थिर ठेवलं तरी ते पृथ्वीचं फिरणं पकडतं. आमच्या अक्षांशावर ताशी साधारण ५.४ अंश दिसायला हवेत. पल्लवी प्रोबेशनवर होती. यंत्राची तीन दिवसांची चाचणी बिनचूक गेली, की नोकरी पक्की.

यंत्र मागच्या खोलीत फरशीवर ठेवलं. पहिल्या दुपारी २.४० ला आकडा शून्यावर आला... २.५१ ला परत ५.४.

"पृथ्वी थांबली का वो बाबा?" पल्लवी हसली.

"थांबली असंल तर तुह्या आईले सांग, कपडे वाळाचे हायेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही चुकीची एकेक शक्यता काढली. तापमान बदललं की आकडा सरकतो, म्हणून यंत्रावर थर्मोकोलचा डबा झाकला. आतला पारा ३१.४ वरून हलला नाही. हादरे नकोत म्हणून पंखा, पंप बंद. वीज नको, बॅटरी लावली. चुंबकाचा परिणाम नको म्हणून लोखंडी कपाटही बाहेर काढलं. २.४० ला पुन्हा शून्य – अकरा मिनिटं.

तिसऱ्या दिवशी यंत्र समोरच्या खोलीत ठेवलं. २.४० झाले, आकडा ५.४ च. २.४५ ला उचलून मागच्या खोलीत नेलं – शून्य. २.५१ ला परत ठीक.

बायको दारात उभी होती. "तेवढे आकडे काढून टाक ना पोरी. कोणाले काय समजते?"

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात तीस वर्षं मी कधी आकडा खोडला नाही. तरी म्हणालो, "काढ."

"मंग बाकीच्या आकड्यायवर सही कशी करू, बाबा?"

तिने सगळे आकडे पाठवले. खाली लिहिलं – कारण कळले नाही. कंपनीने यंत्र परत मागवून उघडलं, दोष सापडला नाही. तिचं प्रोबेशन मात्र सहा महिने वाढवलं. पत्र वाचून ती एवढंच म्हणाली, "चालते," आणि सकाळच्या बसने निघून गेली.

यंत्राला काय झालं होतं, मला सांगता येत नाही. मी "काढ" का म्हणालो, तेही नाही.