टोकाला पाणी कवा पोचतं?

पाण्याला प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत बांधावरून हलू नये, असा अख्ख्या दौंड तालुक्यात एकच माणूस होता, तो म्हणजे माझे मामा. खुटबावकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. दुष्काळ नुकताच सरला होता, आणि कालव्याचं दार उघडल्यावर शेतांकडे जाणाऱ्या चारीच्या टोकाला पाणी पोचायला किती वेळ लागतो, या एकाच गोष्टीनं त्यांना झपाटलं होतं. प्रत्येकाची पाण्याची पाळी मोजली जायची दार उघडल्यापासून. त्यामुळे टोकाला रान असलेल्या, बौद्धवाडीतल्या सखाराम आप्पांच्या चार तासांतले निम्मे वाटेतच जात आणि त्यांचा गहू दरसाल करपे.

घड्याळं कुणाकडे नव्हती. "पाणी कवा आलं?" विचारलं, की कुणी म्हणे, "पॅसेंजर गेली तवा," कुणी म्हणे, "भाकर खाऊन वाईच आडवा झालो तवा." मामा सगळं गंभीरपणे वहीत उतरवत. मग पॅसेंजर त्या दिवशी किती उशिरा धावली हे विचारायला सायकल मारत स्टेशनवर जात, आणि आप्पांना भाकरीला किती वेळ लागतो हे बघायला त्यांच्याच पंगतीला बसत. कोरडी चारी आधी स्वतः पाणी पिते, ओली लवकर सोडते, दार अर्धं उघडलं तर वेळ दुप्पट नव्हे, तिप्पट लागतो. "सरळ हिशेब न्हाई ह्यो," ते म्हणायचे, "रुसव्याफुगव्याचा हाय."

शेवटी कालव्याचे साहेब तपासणीला आले. मामांचा आकडा खरा निघाला तर आप्पांची पाळी पाणी पोचल्यापासून धरायची, असं ठरलं. मामा म्हणाले, "दोन तास दहा मिनिटं." साहेबांच्या घड्याळात अडीच तास झाले तरी चारी कोरडीच. साहेब हसायला लागले. मामांनी वही मिटली. "आकडा बरोबर हाय, साहेब. वाटंत कुणीतरी चारी फोडलीया." आणि चारीच्या कडेनं तरातरा वर चालू लागले. साहेब मागे, मीही मागे.

चारी आमच्या उसात फोडलेली होती. फोडणारे माझे वडील फावडं घेऊन तिथंच उभे होते. मला मान वर करवेना. "दाजी, बाजूला व्हा," एवढंच बोलून मामांनी हातांनी चिखल ओढून भगदाड बुजवलं. साहेबांनी आकडा खरा मानून आप्पांची पाळी त्या दिवसापासून बदलली. आणि वडिलांनी मामांना आमच्या घराची पायरी चढायला बंदी केली. आईला जेवण जाईना.

उन्हाळ्याच्या तोंडाला आप्पांनी नव्या गव्हाची पायली मामांना दिली. मामांनी त्यातला अर्धा आईकडे धाडला.

"गहू चांगला हाय. कुठला?" वडिलांनी जेवताना विचारलं.

"आप्पांच्या रानातला. दादानं धाडलाय."

वडिलांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, उरलेली चपाती संपवली आणि हात धुताना म्हणाले, "उद्या दुपारी तुझ्या भावाला जेवाय बोलीव."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ती दुसऱ्या दिवसाची सकाळच दिसते. चुलीवर अजून तवाही चढला नव्हता, आणि मामा ओट्यावर येऊन बसले होते.

"दादा, इतक्या लवकर?" आईनं विचारलं.

"अंदाज चुकला गं," मामा म्हणाले, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.